बातिर उलटा पोहतोय

शायलो : चहा नंतर. आधी सांग, जगेल का?

बुरुल : कप्तान, मी अजून उंबऱ्यात आहे. आणि तुमच्या शेगडीच्या नळकांड्याला एक माणूस बांधलेला आहे.

शायलो : तो नंतर. मासा बघ.

सागिन : सलाम, डॉक्टरीणबाई. मी सागिन. ह्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ. उठून उभा राहिलो असतो, पण घोड्याचा तंग आवळलाय दंडांना. चांगला तंग आहे. नवीन कातडं.

बुरुल : नाक कशानं मोडलं?

सागिन : दार लागलं.

बुरुल : ह्या घरातली दारं फार मारकी. ओठसुद्धा दारानंच फाडला?

सागिन : तेच दार. परत आलं होतं.

शायलो : बुरुल. मासा.

बुरुल : मला निरोप होता, दुपारी बोकडाचा सामना आहे, घोडे तपासायचेत. म्हणून मी घोड्यांचं सामान घेऊन आले. ही सुई बघा. तुमचा मासा हिच्यापेक्षा आखूड आहे.

शायलो : घोडे ठणठणीत आहेत. खोटा निरोप दिला. माशासाठी तू आली नसतीस.

बुरुल : नसतेच आले. मासा मी फक्त खाते. तोही इसिक-कूल तळ्यातला, खारवलेला.

शायलो : हळू बोल. ऐकतो तो.

बुरुल : बरं. नाव काय आजाऱ्याचं?

शायलो : बातिर.

बुरुल : कधीपासून असा आहे? डोकं खाली, शेपूट वर?

शायलो : सकाळपासून. आधी काचेला धडका दिल्या. मग गोल गोल फिरला, एकाच अंगावर. मग हा असा. खाली जायला बघतो, जाता येत नाही. बुचासारखा वर येतो.

सागिन : आमचे थोरले काका लग्नात तिसऱ्या बाटलीनंतर हुबेहूब असेच. त्यांना आम्ही गोधडीत गुंडाळून ठेवतो.

शायलो : तू आणखी एक शब्द बोल.

सागिन : कुठला बोलू?

बुरुल : कप्तान, ती मूठ खाली घ्या. मला ऐकायचंय, नळी लावते काचेला. शांत राहा दोघं.

शायलो : काय ऐकू येतंय?

बुरुल : पंप.

शायलो : आणि?

बुरुल : तुमचा श्वास. घोड्याचं पोट असं फुगलं की आम्ही त्याला चालवतो. अंगणात फेऱ्या मारायला लावतो.

शायलो : मग चालव.

बुरुल : कप्तान, मी तुम्हाला माझ्या ज्ञानाची हद्द दाखवत होते. ती तिथं संपते.

शायलो : संपून चालणार नाही. माशाचं कोण बघतं ह्या खोऱ्यात? बाजारातला तो माशांच्या खाण्याचा दुकानवाला. त्याच्याकडे जाऊन आलो मघाशीच. म्हटलं, तुझं खाणं नासकं होतं का? बोलेना. डोकं धरलं आणि त्याच्याच पिंपात बुडवलं.

बुरुल : काय म्हणाला?

शायलो : बुडबुडे. दुसऱ्यांदा बाहेर काढल्यावर म्हणाला, खाणं ताजं आहे. खरं बोलत होता. डोळे खरे होते.

सागिन : पिंपात मासे होते ना, दाजी? त्यांनी पण साक्ष दिली असेल.

बुरुल : सागिन, तू कशाला दारांना आमंत्रण देतोस?

सागिन : मी असंही मरणारच आहे, बाई. ह्यांनी सकाळी नान उचलला. दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि शपथ घेतली. शेजारीपाजारी कुंपणावरून बघत होते.

बुरुल : काय शपथ?

शायलो : ज्या हातानं बातिरच्या टाकीत घाण ओतली, तो हात आज दुपारच्या आत मोडीन. नाही मोडला तर हा नान माझ्यावर उलटो.

बुरुल : नानाची शपथ घेतलीत? माशासाठी?

शायलो : घेतली.

सागिन : आणि घरात परका हात एकच. दोन, म्हणजे माझे. उजवा मोडणार म्हणतायत. मैदानात धावत्या घोड्यावरून मी उजव्यानंच मेलेला बोकड उचलतो.

बुरुल : तू खालच्या गावच्या संघाचा ना? मग सामन्याच्या आदल्या रात्री इकडं काय करत होतास?

सागिन : राखण. बोकड ह्यांच्या घरी असला की राखणदार आमच्याकडचा. बोकड आमच्या घरी असला की राखणदार ह्यांच्याकडचा. नाहीतर रात्रीतून हे लोक पायांना चरबी चोळतात. मग घोड्यावरून वाकून धरायला जावं, तर बोकड साबणासारखा सटकतो.

शायलो : एकदाच चोळली होती.

सागिन : आणि त्या एकदाच्यात आमच्या दोघांच्या बरगड्या गेल्या, दाजी. एकाची तर अजून आत कुठंतरी आहे, सापडत नाही.

बुरुल : म्हणजे तो बाहेर ओसरीत टांगलाय, बिनमुंडक्याचा, टपकणारा, तो आजचा बोकड. आणि हा त्याचा राखणदार. मला वाटलं दोघांचीही ही गत तुम्हीच केलीत.

शायलो : बुरुल, घड्याळात बारा वाजले की लेकीचा, सिरगाचा फोन येतो.

बुरुल : मॉस्कोहून?

शायलो : दर शनिवारी. चेहरा दिसतो त्या फोनवर. ती म्हणते, मासा दाखवा. मी फोन काचेला लावून धरतो. ती त्याच्याशी बोलते. गोदामात कोण कसं आहे, बर्फ किती पडलं, खोलीतल्या बायकांची भांडणं. सगळं सांगते त्याला. मी धरून उभा राहतो. हलवायचा नाही. हलवला की म्हणते, हलतंय.

बुरुल : आणि तुमच्याशी काय बोलते?

शायलो : मासा दाखवा, म्हणते.

बुरुल : झालं?

शायलो : झालं. आता मासा मेला तर तेवढंही नाही. कळलं? म्हणून विचारतोय. जगेल का?

बुरुल : बसते मी. ते स्टूल द्या. त्याच्यावर रक्त कसलं आहे?

सागिन : माझं. पुसून घ्या, वाळलंय.

बुरुल : खायला काय घालता ह्याला?

शायलो : पाकिटातलं. चिमूटभर. शुक्रवारी बोर्सोक, कणकेचा गोळा.

बुरुल : तळलेला?

शायलो : न तळलेला बोर्सोक असतो का? मेलेल्या माणसांच्या नावानं दर शुक्रवारी तळतो आपण. सगळ्या घरानं खायचा असतो. तो घरातलाच आहे.

बुरुल : काल शुक्रवार होता. थांबा, फोनवर बघते.

शायलो : फोनवर बघायला मला डॉक्टर कशाला?

बुरुल : माझ्या फोनवर बघा तुम्ही, मी तुमचा घोडा घेऊन सामन्याला जाते. हे बघा. म्हणे माशाच्या पोटात हवेचा एक फुगा असतो. त्याच्या जोरावर तो पाण्यात तोल सांभाळतो. तेलकट खाऊन आतडं फुगलं की फुगा दाबला जातो आणि मासा उलटा होतो. उपाय, उकडलेला वाटाणा. साल काढून.

शायलो : वाटाणा आहे. उकडतो. किती?

बुरुल : एक. कप्तान, एक वाटाणा. पातेलं खाली ठेवा.

सागिन : बघा बाई, हा माणूस. गेल्या शरदात ह्यांनी आमच्या गोलवाल्याला घोड्यासकट उचलून कुंपणावर टाकला. आज वाटाण्याची साल काढणार.

बुरुल : थांबा, काढू नका. जुळत नाही. तेलकट खाल्लेला मासा सुस्त होतो. हा धडका देत होता. आणि अंगावर हे पांढरं काय सुटलंय? साय धरल्यासारखं. कातडी सोलतेय त्याची. पोटाचं दुखणं कातडी सोलत नाही. त्याला बाहेरून काहीतरी चावतंय. पाणी चावतंय.

शायलो : मी तेच म्हणतोय सकाळपासून. विष.

बुरुल : पाणी कधी बदललं?

शायलो : आज उठल्या उठल्या. दर शनिवारी फोनच्या आधी बदलतो. स्वच्छ दिसावं तिला. अर्धं काढलं, अर्धं नवं घातलं. मीच.

बुरुल : नवं कुठलं?

शायलो : बसवलेलं. नळाच्या पाण्यात औषध असतं, ताजं घातलं तर मासा मरतो. दोन दिवस उघडं ठेवायचं. सिरगानं शिकवलंय. न्हाणीघरातल्या टबात भरून ठेवतो. पाण्यात खोट नाही. पाणी घालून मी बाजारात गेलो, घोड्यांची खोगिरं आणायला. आलो तर हा धडका देतोय. मधल्या वेळात घरात कोण? बायको अनीपा माहेरी, बारशाला. उरला मेव्हणा.

सागिन : मी ओसरीत बोकडाला राखत होतो!

शायलो : तुम्हाला माहीत होतं, मासा मेला की माझं डोकं ठिकाणावर राहणार नाही. कप्तानाचं डोकं गेलं की संघ गेला. म्हणून मारायला घेतलास.

सागिन : दाजी, तुमचं डोकं बिघडवायला मासा मारावा लागतो? तुम्हाला कुणी 'सरका' म्हटलं तरी पुरतं.

बुरुल : कप्तान! नाकावर नको! तेच नाक आहे ते, दुसरं नाही त्याच्याकडं. मागं व्हा. टाकीपाशी व्हा. सागिन, मान वर कर. रक्त आत जाऊ देऊ नकोस. आणि हा खांदा काय झालाय तुझा? हे दारानं नाही केलं. हे दात आहेत.

सागिन : कारागेर.

बुरुल : कारागेर घोडा?

सागिन : ह्यांचाच. मालकावर गेलाय. काल रात्री अंगणात पाण्याच्या डोणीपाशी चावला. मी म्हटलं, अरे, नात्यातला आहे मी. तर आणखी जोरात.

शायलो : ओळखतो तो माणसं.

बुरुल : कप्तान, ह्या पंपाच्या तोंडाशी जाळी आहे, तीत काहीतरी अडकलंय. चिमटा द्या. नाही, तो सांडशीसारखा नको. माझ्या पिशवीतला. हं. केस आहे.

शायलो : सिरगाचा असेल. टाकीवर वाकून बोलायची.

बुरुल : सिरगाचे केस राठ, पांढरे आणि बोटभर होते का?

शायलो : काळे. कमरेपर्यंत.

सागिन : ताईचे पण काळेच. ह्यांना तर केसच नाहीत. माझे बघा, मोजून घ्या.

बुरुल : हा माणसाचा नाहीच. अशा केसांत माझा दिवस जातो. कप्तान, टाकीत हा गुलाबी दिवा कुणी लावला?

शायलो : सिरगानं. त्यात तो छान दिसतो.

बुरुल : विझवा. विझवा म्हणते ना. आता बघा पाणी. अजून गुलाबीच आहे.

शायलो : म्हणजे?

बुरुल : म्हणजे ते दिव्यानं गुलाबी नव्हतं. बोट घालते. आता तोंड फिरवा, तुम्हाला बघवणार नाही.

शायलो : चाखलंस? विष असलं तर?

बुरुल : शोरपा आहे.

शायलो : काय?

बुरुल : शोरपा. मटणाचं पाणी. गार. मीठ फार झालंय. कांदा, मिरी घातली तर पाहुण्यांना देता येईल. बोकडाचा आहे.

सागिन : अय्यो.

बुरुल : सागिन काहीतरी म्हणाला.

सागिन : मी काही म्हटलं नाही.

शायलो : बोकड माझ्या टाकीत बुडवला? हा? टाकी एवढीशी, बोकड एवढा! पाय बाहेर राहिले असते!

बुरुल : बोकड टाकीत आला नाही, कप्तान. रात्री बोकड मुरायला कुठं ठेवला होता?

शायलो : कुठं ठेवतात? मिठाच्या पाण्यात. रात्रभर. कातडं चिवट होतं, ओढाओढीत फाटत नाही. ह्याला सांगितलं होतं, अंगणातल्या दगडी डोणीत ठेव, मीठ टाक. घोड्याच्या डोणीत.

बुरुल : जिथं घोडा होता.

शायलो : हो.

बुरुल : आणि घोडा चावला.

शायलो : हो. चावला ना मग. म्हणजे डोणीपाशी गेला होता हा.

बुरुल : गेला होता. पण टिकला का? सागिन, चावल्यावर बोकड घेऊन तू कुठं गेलास?

सागिन : बाई, खांदा फुटलेला. एका हातात बोकड, एका हातात मिठाची पिशवी, मागं घोडा. घरात शिरलो. न्हाणीघराचं दार उघडं होतं. आत टब. काठोकाठ भरलेला. मला वाटलं, काय पाहुणचार आहे, दाजींनी पाणीसुद्धा काढून ठेवलं. बोकड आत सोडला. मीठ ओतलं. सगळी पिशवी. पहाटे उचलून ओसरीत टांगला.

बुरुल : आणि पाणी?

सागिन : पाणी तसंच. दुसऱ्याच्या घरातली मोरी. कुठं तुंबते, कुणाला ठाऊक?

बुरुल : कप्तान, उठल्या उठल्या तुम्ही बादली त्याच टबात बुडवलीत.

शायलो : दोनदा.

बुरुल : लाल दिसलं नाही?

शायलो : अंधार होता. न्हाणीघरात दिवा नाही.

बुरुल : का नाही?

शायलो : फुटला.

बुरुल : कशानं?

सागिन : दारानं.

बुरुल : आणि वास? बोकडाचा वास?

शायलो : सामन्याच्या दिवशी ह्या घरात कशाला बोकडाचा वास येत नाही? माझ्या उशीला येतो.

बुरुल : झालं तर. मासा आजारी नाही. त्याला खारवताय तुम्ही. मिठाच्या पाण्यात सगळंच तरंगतं, म्हणून खाली जाता येत नाही. डोळ्यांत मीठ, कल्ल्यांत मीठ, म्हणून धडका. आणखी दोन तास राहिला तर मी म्हणते तसा खायच्या लायकीचा होईल.

शायलो : जगेल का?

बुरुल : गोडं, बसलेलं पाणी पाहिजे. नळाचं नाही. आहे?

शायलो : टबातलं होतं तेवढंच.

सागिन : डोणीत आहे की! कालपासून भरलेली आहे. मी बोकड टाकलाच नाही तिच्यात. कारागेरनं प्यायलं असेल थोडं, पण घोड्याची लाळ काय, घरातलीच.

बुरुल : आणा. बादली नको, तिला बोकड लागलाय. किटली आणा. एकदम नाही ओतायचं. टाकीतलं एक भांडं काढा, किटलीनं एक भांडं घाला. हळू. हळू, कप्तान! तुम्ही पाणी ओतताय, शत्रूवर तेल नाही.

शायलो : असं?

बुरुल : आणखी बारीक धार. लहान मूल दूध पितं तशी.

सागिन : बाई, मला सोडेल का कुणी? आता मी निर्दोष ना?

बुरुल : थांब, हात गुंतलेत.

सागिन : मी निर्दोष बांधलेला बरा नाही दिसत.

शायलो : फिरला! बघ, फिरला तो. शेपूट खाली आलं.

बुरुल : उलटा होता, आता आडवा आहे. ओतत राहा. घाई केलीत तर तो गोड्या पाण्यानंच मरेल.

शायलो : बातिर. ए बातिर. इकडं बघ रे.

बुरुल : आणखी एक किटली. हां. आता पुरे. आता त्याचं तो बघेल. डोकं सरळ आहे. कल्ले हलतायत. संध्याकाळी परत बदला असंच, उद्या परत. आणि शुक्रवारचे बोर्सोक बंद. मेलेल्यांना सांगा, हा पथ्यावर आहे.

शायलो : बुरुल, घोडे फुकट बघतेस तसं नको. हे खोगीर घेऊन जा. चांदीच्या कड्यांचं.

बुरुल : खोगीर नको. ह्या माणसाचा तंग सोडा.

शायलो : सोडतो. हात पुढं कर, मेव्हण्या.

सागिन : उजवा पुढं करत नाही मी.

शायलो : गाठ उजव्यावर आहे.

सागिन : मग चाकूनं कापा. लांबून.

शायलो : तुझा हात कोण मोडतोय? तू टाकीत काही ओतलं नाहीस. तू टबात ओतलंस. शपथ टाकीची होती. टाकीत ओतलं ते… ह्या हातानं.

बुरुल : कप्तान, आता खुळेपणा नको.

शायलो : नान कपाळाला लावला होता.

बुरुल : रागात लावला होता.

शायलो : मी कुठली गोष्ट रागात करत नाही? सगळ्याच केल्यात. मग रागातली एक तरी पाळू दे.

सागिन : दाजी, अर्धी चूक माझी धरा. मीठ माझं होतं. तुमची दोन बोटं, माझी दोन, आणि वरून एकेक पेला. नानाचं समाधान होईल.

शायलो : तू मोड.

सागिन : काय?

शायलो : तुझं नाक मोडलंय मी. हक्क तुझा आहे. ती घोड्याची नाल आहे बघ शेगडीवर, ती घे. हात मी ह्या स्टुलावर ठेवतो. हलणार नाही.

सागिन : मी नाही मोडत.

शायलो : घाबरतोस?

सागिन : घाबरतो ना. आणि शिवाय तुमचा हात मी दुपारी मैदानात मोडणार आहे. नियमात बसवून. चार गावं बघत असताना. तो मान स्टुलावर वाया घालवू?

शायलो : मैदानात मी येणार नाही. कारागेरवर आमच्या संघातल्या उलानला बसवीन. त्याला सांग, उजवीकडं वळताना तो चावतो. बुरुल, तू मोड.

बुरुल : मी हाडं बसवते. मोडत नाही.

शायलो : घोड्याची बसवतेस?

बुरुल : घोड्याची बसत नाहीत. घोड्याला गोळी घालतात.

सागिन : तोडगा निघाला म्हणायचा.

बुरुल : सागिन!

सागिन : बाई, मी हसतोय कारण नाक दुखतंय. दाजी, ऐका. त्या पोरीच्या वेळी कुठला नान उचलला होतात तुम्ही? सिरगाचा पुढचा दात पडला. जबडा सुजून काळा झाला. दवाखान्यात ताईनं सांगितलं, दार लागलं. पोरीनंही सांगितलं, दार लागलं. तिसऱ्या दिवशी मॉस्कोच्या गाडीत बसली. अख्ख्या गावाला ते दार माहीत आहे. तेव्हा हात मोडला असतात तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. आज माशासाठी मोडताय. माशानं काय तुमच्या कानफटात मारली?

बुरुल : कप्तान, तिकडं कुठं? ओसरीचं दार कशाला उघडताय? बोकडाला आत घेऊ नका हं. कप्तान, चौकटीत हात… सागिन, धर त्यांना!

सागिन : मी अजून बांधलेला आहे!

(ओसरीचं जड दार आपटल्याचा आवाज. मग आणखी एकदा. टाकीतलं पाणी हलतं.)

बुरुल : बसा खाली. बसा! रानटी अस्वल कुठलं! पहिल्यांदा काय कमी पडलं होतं?

शायलो : पहिल्यांदा… मी हात ओढला.

बुरुल : दाखवा. दोन बोटं गेली. तिसरं विचार करतंय. अंगठा शाबूत आहे. पिशवीत घोड्याच्या पायाची पट्टी आहे, तुमच्या दंडापर्यंत पुरेल. दात आवळून धरा. काही वेळ शिव्या घाला, चालतील.

शायलो : शिव्या नको. तो ऐकतो.

सागिन : दाजी. ओ दाजी. उगाच बोललो मी. टाळ्यांचं ते.

शायलो : तू बरोबर बोललास. रक्त गळतंय तुझं, पूस ते. बुरुल, सोड त्याला. माझ्याच्यानं एका हातानं गाठ सुटणार नाही.

बुरुल : सोडते. आधी हे तिसरं बोट सरळ करू द्या. आता. ओरडला नाहीत. घोड्यापेक्षा बरे आहात.

सागिन : फोन. दाजी, फोन वाजतोय. टाकीमागं.

शायलो : वेळ झाली का? दिवा लावा. गुलाबी दिवा लावा. बातिर पुढं आहे का?

बुरुल : पुढं आहे. सरळ आहे. थोडा सोललाय, पण दिव्यात कळणार नाही.

शायलो : डाव्या हातात दे. बटण दाब. हं. हं, सिरगा.

सिरगा : मासा दाखवा.

शायलो : हा बघ.

सिरगा : हलतंय.

शायलो : धरतो. आता?

सिरगा : अजून हलतंय. डाव्या हातात का धरलाय? मागं कोण आहे ते? मामा? मामा, नाकाला काय झालं?

सागिन : काही नाही गं पोरी. दार लागलं.

शायलो : दार नाही. मी मारलं. सकाळी. त्याचं काही चुकलं नव्हतं. मासा बरा आहे बघ. पाणी बदललंय. बघ, कसा सरळ पोहतोय.

सिरगा : त्या पट्टीत काय आहे?

शायलो : हात.

सिरगा : कशानं?

शायलो : दार. ह्या वेळी दारच होतं. डॉक्टर आहे इथं, विचार तिला. थांब, फोन काचेला लावतो नीट. बोल तू त्याच्याशी.

सिरगा : मासा राहू दे, बाबा. हात दाखवा.

शायलो : कुठली बाजू?

सिरगा : दोन्ही.